सांगलीच्या उन्हात फुलणारी घरची बाग: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

होळी झाली की ओळखीच्या लोकांचे एकाच टाइपचे मेसेज चालू होतात, मोगऱ्याला कळीच नाही, जास्वंदीला पांढरं काहीतरी लागलंय, शेवंती मेली, आता काय घालू. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. हे सांगली, मिरज, माधवनगर इकडचं ऊन आणि आपली काळी माती डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय, कोकणातल्या माणसानं जसंच्या तसं उचलू नये.

एप्रिल-मेमध्ये इथं फुलं येतात तरी का? सगळं जळूनच जातंय की.

येतात की, भरपूर येतात. पण आपण करतो काय, थंडीत आणलेली शेवंती, पिटुनिया, डेलिया एप्रिलमध्ये जगवायला बघतो, दिवसातून तीनदा पाणी, वर साडी बांधायची, आणि तरी ती मरतात कारण त्यांचा सीझनच संपलेला असतो. उन्हाच्या झाडांवर त्याच्या अर्धी मेहनत घेतली तरी पुरते. मोगरा, चिनी गुलाब, सदाफुली, झिनिया, गॅलार्डिया, केशरी कॉसमॉस, सूर्यफूल, अबोली, बोगनवेल, चाफा, मधुमालती, कण्हेर, मे फ्लॉवर, शिवाय टबातलं कमळ. या सगळ्यांना पारा ३८-४० ला गेला तरी फार फरक पडत नाही, मुळं गार राहिली म्हणजे झालं. मुळांचं पुढं सांगतो.

बी कधी टाकायचं? आता एप्रिल चालू आहे, उशीर झाला का?

बियांच्या फुलांना महाशिवरात्रीच्या आसपासचा टाइम सगळ्यात बेस्ट. थंडी मोडलेली असते, ऊन अजून चटके देत नसतं, रोप नीट धरतं आणि झिनिया, कॉसमॉस, सूर्यफूल साधारण ५० ते ६० दिवसांत फुलावर येतात, म्हणजे एप्रिल आणि मे दोन्ही मिळतात. गॅलार्डियाला थोडा जास्त वेळ लागतो.

एप्रिलमध्ये बी टाकलं तर उगवतं पण कोवळं रोप दुपारच्या उन्हात आडवं पडतं. त्यापेक्षा आता चिनी गुलाबाच्या फांद्या कुणाकडनं तरी मागून आणा, बोटभर लांबीचे तुकडे मातीत खोचा, महिन्याच्या आत फुलं चालू. सदाफुलीची तयार रोपं आणा. बाकीचं पुढच्या माघात.

मोगऱ्याला नुसती पानं आहेत, कळी नाही. काय चुकतंय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. मोगऱ्याला फूल येतं ते नव्या फुटीवर, जुन्या काडीवर नाही. म्हणजे नवी फूट आली पाहिजे, आणि नवी फूट पाहिजे तर छाटणी पाहिजे, आणि छाटणी करायची असते जानेवारीच्या शेवटाला, जेव्हा आपल्या कुणाच्या डोक्यात मोगरा नसतोच. तो आठवतो पाडव्याला. तोपर्यंत झाड जुन्याच काड्या घेऊन बसलेलं असतं.

द्राक्षवाल्यांना हे सांगावं लागत नाही. तासगाव साइडला कुणालाही विचारा, छाटणीवर घड ठरतो, मोगऱ्याचं पण तसंच धरा.

तर डिसेंबरमध्ये पाणी कमी करायचं, एकदम बंद नाही, कुंडीतलं झाड असेल तर पानं मलूल दिसेपर्यंत थांबायचं आणि मग थोडं द्यायचं, असं दोनेक आठवडे. जानेवारी अखेर सगळ्या काड्या गुडघ्याच्या उंचीला कापायच्या, वाळक्या आणि काडीसारख्या बारीक फांद्या मुळापासनं काढायच्या, राहिलेली जुनी पानं हातानं ओरबाडून टाकायची. बघायला भयंकर वाटतं, घरातली माणसं बोलतात, बोलू द्यात. मग वरची दोन इंच माती उकरून कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घालायची आणि रेग्युलर पाणी चालू करायचं. मार्चमध्ये कळ्या दिसायला लागतात.

पहिला बहर संपला की फुलं येऊन गेलेल्या शेंड्यांची दोन-तीन पानांच्या जोड्यांपर्यंत हलकी छाटणी करा, महिना-दीड महिन्यात दुसरा बहर येतो. बरेच लोक इथंच थांबतात आणि म्हणतात एकदाच फुलला.

अजून दोन कारणं असतात. एक म्हणजे ऊन, मोगऱ्याला निदान पाच-सहा तास थेट ऊन पाहिजे, पोर्चमध्ये ठेवून फुलत नाही. दुसरं युरिया. उसाला आणलेल्या पोत्यातला चिमूटभर मोगऱ्याला घालायची सवय आपल्याकडं घरोघरी आहे, त्यानं पानं हिरवीगार होतात आणि कळी गायब.

बट मोगरा, हजारी मोगरा, मदनबाण यातला कुठला घ्यावा?

गजऱ्याला सुटसुटीत आणि भरपूर फुलं पाहिजे असतील तर साधा मोगरा किंवा मदनबाण, त्याची कळी लांबट आणि टोकदार असते. बट मोगरा गोल, गच्च पाकळ्यांचा, दिसायला एकदम भारी पण फुलं कमी. हजारी मोगऱ्याला झुपक्यानं फुलं येतात. एकच कुंडी ठेवायची असेल तर माझं मत साध्या मोगऱ्याला. गजऱ्यासाठी कळ्या संध्याकाळी उमलायच्या आधी तोडायच्या, चार-पाच वाजता टपोऱ्या पांढऱ्या झालेल्या तेवढ्याच.

आणि माठात वाळ्यासोबत मोगरा टाकणार असाल तर त्या झाडावर कुठलंही औषध मारू नका, निंबोळी तेलसुद्धा नको, पाणी कडू लागतं.

कळ्या येतात पण जांभळ्या पडून गळतात.

ती कळीमाशी. कळी वाढत नाही, बुडाशी सुजते, जांभळट होते आणि वाळते. आणि कळीला भोक पडलेलं असेल, आत विष्ठा, जाळी असेल तर ती कळी पोखरणारी अळी. दोन्हीला घरच्या बागेतला उपाय सेमच आहे, बिघडलेल्या कळ्या रोज तोडायच्या आणि तिथंच खाली न टाकता पिशवीत बांधून लांब टाकायच्या, झाडाखालची माती खुरपून मोकळी ठेवायची कारण कळीमाशीच्या अळ्या मातीतच कोषात जातात, आणि आठवड्यातनं एकदा निंबोळी तेल, लिटरला ५ मिली, भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब घालून, संध्याकाळी. सकाळी दहानंतर काहीही फवारू नका, पानं भाजतात.

दिवसातून किती वेळा पाणी द्यायचं?

वेळा मोजून उपयोग नाही. बोट दोन पेरं मातीत घाला, ओल लागली तर थांबा. जमिनीतल्या मोगऱ्याला दोन-तीन दिवसांआड चालतं, टेरेसवरच्या दहा इंची कुंडीला मेमध्ये रोज लागतं, कधी सकाळ-संध्याकाळ पण. द्यायचं ते सकाळी आठच्या आत नाहीतर ऊन उतरल्यावर. दुपारी झाड मान टाकतं ते दरवेळी तहानेनं नसतं, सूर्यफूल, झिनिया उन्हात मलूल होतात आणि सहा वाजता आपोआप उभी राहतात, ते बघून एक वाजता पाणी ओतायची गरज नसते. पाइपात राहिलेलं पहिलं पाणी चहाइतकं गरम असतं ते आधी बादलीत सोडा.

आपल्या काळ्या मातीची अजून एक खोड आहे. ती वाळली की कुंडीच्या कडेनं सुटते आणि भेगा पडतात, मग वरून ओतलेलं पाणी कडेनं सरळ खाली, डिशमध्ये पाणी दिसतं म्हणून आपल्याला वाटतं पोटभर झालं, आणि मधला गड्डा कोरडा ठणठणीत. आधी वरचा थर हातानं फोडायचा, थोडं पाणी, पाच मिनिटं थांबून परत थोडं.

मग काळी माती वापरायचीच नाही का?

नुसती वापरायची नाही. एक भाग काळी किंवा पोयटा माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि एक भाग मोकळं काहीतरी, कोकोपीट, भाताचं तूस, विटांचा चुरा, जे मिळेल ते. साखर कारखान्याचा प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरलेला चोथ्यासारखा गाळ, आपल्याकडं सहज मिळतो, तो कुजवलेला असेल तर शेणखताच्या जागी छान चालतो. कच्चा घालू नका, गरम होतो. अर्धवट कुजलेल्या शेणखताचं पण तेच, त्यातनं हुमणीची अळी घरात येते, पांढरी, इंग्रजी सी सारखी वाकलेली, ती मुळं खाते आणि झाड कशानं गेलं ते कळत नाही. खत आणलं की पसरून बघायचं, अळ्या दिसल्या तर वेचायच्या.

टेरेसवर कुंड्या आहेत, स्लॅब तापतो. शेडनेट लावू का?

उन्हाच्या झाडांना शेडनेट लावलं तर फुलं कमी होतात, चिनी गुलाब तर उमलतच नाही. तिथं सावली पाहिजे कुंडीला, झाडाला नाही. कुंड्या दोन विटांवर उचलून ठेवा म्हणजे खालून हवा खेळते. सगळ्या एकमेकींना चिकटवा, मोठ्या पश्चिमेच्या कडेला, म्हणजे त्यांच्या सावलीत बारक्या राहतात. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीभोवती ओलं गोणपाट गुंडाळा. आणि मातीवर उसाचं पाचट दोन-तीन इंच पसरा, शेतात जाळतात त्यातलं एक पोतं आणलं तरी अख्खा उन्हाळा निघतो, पाणी निम्म्यावर येतं. माझ्या मते या एका पाचटानं जेवढा फरक पडतो तेवढा विकतच्या कुठल्याच टॉनिकनं पडत नाही. खोडाला मात्र चिकटवू नका, चार बोटं मोकळी सोडा.

अबोली, जास्वंद, गुलाब यांना दुपारी एकनंतर ५० टक्क्यांची हिरवी नेट चालेल.

बोअरचं पाणी जड आहे, कुंडीवर पांढरा थर येतो, पानं पिवळी पडतात.

क्षार. मिरज, पलूस, वाळवा पट्ट्यात क्षारपड जमीन कुणाला नवीन नाही, कुंडीत तेच छोट्या प्रमाणात होतं. पानाच्या शिरा हिरव्या आणि मधलं पिवळं असेल तर झाडाला लोह मिळत नाहीये, मातीत असलं तरी उचलता येत नाही. महिन्यातनं एकदा नळाचं पाणी कुंडीतून दोन-तीन वेळा भरभरून आरपार जाऊ द्या, खालची डिश काढून. द्राक्षाला वापरतात ते चिलेटेड फेरस, म्हणजे झाडाला सहज उचलता येईल असं लोह, घरात कुणाकडं असेल तर लिटरला अर्धा ग्रॅम, संध्याकाळी पानांवर.

आरओचं वाया जाणारं पाणी यापेक्षा खारट असतं, ते कुंड्यांना रोज नको, फरशी धुवायला वापरा. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पण नको. एसीचं पाणी चालतं, त्यात क्षार नसतातच.

जास्वंदीवर कापसासारखं पांढरं आलंय.

पिठ्या ढेकूण. गरम, कोरड्या हवेत वाढतो. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं आधी धुवून काढा, जास्त गच्च झालेले शेंडे कापून टाका, मग निंबोळी तेल. मुंग्या त्याला एका फांदीवरून दुसरीवर नेतात त्यामुळे मुंग्यांची वाट पण बंद करावी लागते, नाहीतर परत येतो.

निशिगंध, झेंडूच्या पानांवर बारीक ठिपके आणि जाळी. द्राक्षाचं गंधक घरात आहे, मारू का?

लाल कोळी आहे आणि गंधक त्याच्यावर चालतं हे खरं, पण एप्रिलच्या उन्हात नको. पारा ३५ च्या वर असताना गंधक मारलं की पानं करपतात. पानांच्या खालच्या बाजूला रोज सकाळी नुसतं पाणी मारा, आठवडाभर, कोळ्याला ओल सोसत नाही.

निशिगंधाचे कंद आता लावले तर याच उन्हाळ्यात फुलेल का?

नाही. मार्च ते मे हा कंद लावायचा काळ, पण दांडा यायला तीन-साडेतीन महिने जातात, म्हणजे पहिली फुलं पावसाळ्यात, गणपतीच्या आसपास. पुढच्या उन्हाळ्यात मात्र त्याच कंदांना फुलं येतात. सुपारीपेक्षा मोठे, गच्च कंद घ्या, दोन इंच खोल आणि वितभर अंतरावर लावा. वासासाठी सिंगल, फ्लॉवरपॉटसाठी डबल. सिंगलमध्ये राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले रजनी आणि बंगळुरूची प्रज्वल, शृंगार ही नावं नर्सरीत विचारा, डबलमध्ये सुवासिनी, वैभव. दोन-तीन वर्षांनी कंद काढून वेगळे करून परत लावायचे, नाहीतर गर्दी होऊन दांडे बारीक येतात.

निशिगंध, रातराणीच्या वासानं साप येतो म्हणतात. सासूबाई लावू देत नाहीत.

बत्तीस शिराळा आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळे सापावर बोलायला आपल्याकडं प्रत्येकजण एक्स्पर्ट. फुलाच्या वासानं साप येत नाही. तो येतो उंदराला, बेडकाला आणि उन्हाळ्यात गारव्याला. कुंड्यांच्या मागं ओली अडगळ, विटांचा ढीग, सांडलेलं धान्य असेल तर मोगरा नसला तरी येईल. जागा साफ ठेवा, रात्री पाणी घालताना बॅटरी घेऊन जा. सासूबाईंना एवढं सांगून बघा, नाहीच ऐकलं तर रातराणी कंपाउंडच्या टोकाला लावा, वास तरी येतोच घरापर्यंत.

बोगनवेल दोन वर्षं झाली, नुसती वाढतेय.

लाड कमी करा. पाणी दोन-चार दिवस तोडा, पानं लोंबायला लागली की द्या. खत बंद. ऊन पूर्ण दिवसाचं. शेजाऱ्याच्या गेटवर कुणी न बघता वाढलेली बोगनवेल गच्च फुललेली असते ती याच कारणानं. रंगीत दिसतात ती पानंच आहेत, फूल आत बारकं पांढरं असतं.

चिनी गुलाब दुपारी मिटतो, रोग आहे का?

नाही ओ. ऑफिस टाइम नाव उगीच नाही पडलं, नऊ-दहाला उघडतो, दुपारनंतर मिटतो. ढग आले तर त्या दिवशी सुट्टी.

मे फ्लॉवरचा कंद वाळून गेला, टाकून दिला तर चालेल?

अजिबात टाकू नका! थंडीत पानं वाळतात, कंद झोपलेला असतो. कुंडी कोपऱ्यात कोरडी ठेवा, एप्रिलच्या मध्याला थोडं पाणी चालू करा, मेमध्ये लाल चेंडू बाहेर पडतो, पानांच्या आधी किंवा पानांसोबत. आठवडा-दहा दिवस टिकतो, वर्षातून एकदाच. कंद विषारी आहे, लहान मुलं, कुत्री यांच्यापासून लांब. कण्हेर आणि बिट्टीचं पण तेच, त्यांचं तर सगळं झाड विषारी.

कमळ घरी येतं का खरंच?

येतं, आणि इथं आपली काळी चिकट मातीच कामाला येते. भोक नसलेला दीड-दोन फूट रुंद टब, तळाला एक तृतीयांश माती, कमळाचा कंद आडवा ठेवायचा, कोंब वर मोकळा, पुरायचा नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये लावलं तर दोन-तीन महिन्यांत फूल. सहा तास ऊन पाहिजेच. खत सुरुवातीला अजिबात नको, पाण्यावर उभी पानं आल्यावर. डासांसाठी चार गप्पी मासे सोडा.

महाबळेश्वरला गेल्यावर हायड्रेंजिया आणलं होतं, इथं फुलेल?

जगलं तर नशीब. ते गारव्याचं झाड आहे, पाचगणीला दिसतं ते बघून यायचं. सातारकरांना गुलाब, जर्बेरा आपल्यापेक्षा जास्त दिवस मिळतात कारण तिथं रात्री गार होतं, पण हायड्रेंजिया सातारा शहरात पण नखरे करतं.

दारात गुलमोहर लावावा का?

साताऱ्यात १ मेला गुलमोहर दिन साजरा करतात, त्या दिवसांत तिकडचे रस्ते बघण्यासारखे असतात, पण ते रस्ते आहेत, बंगल्याचं गेट नाही. मुळं उथळ, फांद्या ठिसूळ, वळवाच्या वाऱ्यात पहिल्या त्याच मोडतात, खाली गाडी असेल तर बघायला नको. छोट्या जागेत शंकासुर लावा, तसाच लाल-पिवळा, माणसापेक्षा थोडा उंच, छाटून ठेवता येतो. नाहीतर सोनचाफ्याचं कलम.

सुट्टीत आठ-दहा दिवस गावाला जायचंय, कुंड्यांचं काय?

एक, सगळ्या कुंड्या सावलीत एकत्र, पाचट टाकून, निघायच्या दिवशी भरपूर पाणी. फुलं जातील, झाडं राहतील. दोन, मोठ्या कुंडीत बारकं, साधं, भाजलेलं सच्छिद्र मडकं गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवायचं, वर झाकण, ते चार-पाच दिवस पाझरतं. रंग दिलेलं मडकं चालत नाही. तीन, शेजारच्या वहिनींना चावी, आणि येताना त्यांच्यासाठी काहीतरी आणायचं. तिसरा उपाय सगळ्यात खात्रीचा, फक्त त्यांना हे सांगून जा की बोट घालून बघायचं, नाहीतर प्रेमानं इतकं पाणी घालतात की सदाफुली कुजते.

खत कुठलं आणि किती?

उन्हाळ्यात कमीच. शेंगपेंड १०० ग्रॅम एक लिटर पाण्यात तीन दिवस भिजवा, वरचं पाणी दहापट पातळ करून पंधरा दिवसांनी एकदा, कळ्या धरताना. विद्राव्य खत वापरत असाल तर ०:५२:३४, लिटरला दोन ग्रॅम. कोरड्या मातीत कधीच नाही, आधी पाणी, मग खत.

वळीव पडला की काय करायचं?

दोन दिवस पाणी बंद, डिश उपड्या करा. गारा पडल्या तर फाटकी पानं लगेच कापू नका, नवी फूट येऊ द्या. रेन लिली असेल तर चार-पाच दिवसांत फुलते. संध्याकाळी दिव्याभोवती किंवा कडुनिंब, बाभळीवर तपकिरी भुंगेरे दिसले तर ते हुमणीचे, फांद्या हलवून खाली पाडा आणि रॉकेलच्या पाण्यात टाका, कारण पुढं ते मातीत अंडी घालणार आणि मघाची ती पांढरी अळी तिथनंच येते.

आम्ही गावभागात राहतो, दरवर्षी पुराची भीती. जमिनीतल्या झाडांचं काय?

मोगरा, चाफा दोन दिवस पाण्यात राहिले तरी सावरू शकतात, गाळ मात्र खोडापासून लगेच ओढून काढायचा. निशिगंध, मे फ्लॉवर कुंडीतच लावा म्हणजे उचलता येतात. जूनमध्येच मोगऱ्याच्या दोन-चार फांद्या दाब कलम करून, म्हणजे झाडाला असतानाच मातीत दाबून, ठेवा, मूळ धरायला वेळ लागतो म्हणून. कुंड्या जुलैच्या पहिल्या आठवड्यातच गच्चीवर न्या. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४० फुटांची इशारा पातळी आल्यावर माणसं आणि सामान हलवायचं असतं, तेव्हा कुंड्यांना कुणाला वेळ नसतो.